धागाबाई आणि अकरा वर्षांचा आंबा

कारखान्यात तिला सगळे धागाबाई म्हणत. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात एकतीस वर्षं ती अगदी शेवटच्या टेबलावर बसली. शर्ट शिवून, काज-बटण होऊन तिच्यापुढे यायचा. ती तो उलटासुलटा करायची, शिवणीतून डोकं वर काढणारा एकेक धागा छोट्या कात्रीने उडवायची आणि शर्ट इस्त्रीकडे ढकलायची. दिवसाला तीनशे शर्ट. एवढ्या वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेला एकच शर्ट परत आला, आणि त्याबद्दलही तिचं म्हणणं होतं की तो धागा नंतर सुटला, तेव्हा नव्हता.

एवढं आयुष्य धाग्यात गेल्यावर माणूस सरळ राहत नाही. बसच्या रांगेत पुढच्या बाईच्या ब्लाऊजला दोरा लोंबताना दिसला की धागाबाईचे हात शिवशिवायचे. एकदा डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून ठोके ऐकत होते. त्यांच्या बाहीला लांबलचक पांढरा धागा. तिने आधी सांगून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "बोलू नका, श्वास घ्या." तिने श्वास घेतला, मान वाकवली आणि धागा दाताने तोडला. तेव्हापासून डॉक्टर तिला तपासताना बाह्या दुमडून घ्यायचे.

कारखाना सुटला, पण कात्री काही सुटली नाही. घराच्या बाजूला चिंचोळी जागा होती, पुढच्या फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत. तिथे तिने चार झाडं लावली होती: पेरू, लिंबू, डाळिंब आणि अगदी फाटकाजवळ आंबा. निवृत्त झाल्यावर तिने लांब दांड्यांची छाटायची कात्री आणली, आणि त्या दिवसापासून झाडांचे वाईट दिवस सुरू झाले असं तिचा नवरा म्हणायचा.

नवऱ्याबद्दल सांगायलाच हवं. ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. पंप चालू करायचा, चार तास वाट पाहायची, बंद करायचा. या नोकरीने त्यांना वाट पाहण्याची अशी काही सवय लावली होती की घरातलं कुठलंही काम सांगितलं की ते "करतो" म्हणायचे आणि वाट पाहायला लागायचे. बहुधा ते काम आपोआप होण्याची. नळाचा वायसर, कपाटाची कडी, विजेचं बिल. "अहो, ती खिडकी." "करतो." खिडकी पाच वर्षं तशीच करकरत होती. धागाबाईचं अर्धं आयुष्य धागे कापण्यात गेलं आणि अर्धं या एका शब्दावर दात खाण्यात.

पण पेरूने मात्र तिच्या बाजूने कौल दिला. पहिल्या वर्षी तिने त्याच्या वेड्यावाकड्या फांद्या कापून त्याला शहाण्या माणसासारखं केलं. महिनाभरात जिथे जिथे कापलं होतं तिथे तिथे कोवळे फुटवे आले, त्या फुटव्यांच्या बेचक्यात पांढरी फुलं आली, आणि मग इतके पेरू धरले की आख्ख्या गल्लीत वाटूनही उरले. धागाबाई एकेक फूल रोज बघून यायची. पाकळ्या गळाल्या, मागे हिरवा मणी राहिला, मणी फुगला, त्याचा रंग उतरला, वास सुटला. एकही पायरी तिच्या नजरेतून सुटली नाही. आणि त्यातून तिने एकच धडा घेतला: कापलं की फळतं. लिंबाने फारशी कुरकूर केली नाही. डाळिंबानेही निभावून नेलं. राहिला आंबा.

आता हा आंबा म्हणजे साधासुधा आंबा नव्हता. धागाबाईच्या माहेरी अंगणात एक झाड होतं. त्याचा आंबा लहान, शेंदरी, आणि गोड म्हणजे किती गोड, तर बोटं दिवसभर चाटत बसावीत असा. वडील गेले, आई गेली, घर विकलं. घेणारा माणूस म्हणाला, झाड मला नको, सावली पडते. शेवटच्या वर्षी तिचा थोरला भाऊ, दादा, तिथून दोन कोयी घेऊन आला. एक त्याने आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कुंडीत लावली, ती उगवून चार पानांवर मेली. दुसरी धागाबाईने फाटकाशी पुरली. म्हणजे त्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं ते या चिंचोळ्या पट्टीत उभं होतं.

दादा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, अठ्ठ्याहत्तर पूर्ण. गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. तब्येत, औषधं, कोण आलं कोण गेलं, आणि शेवटी न चुकता, "काय चिमे, मोहोर आला का?" तिने नाही म्हटलं की तो म्हणायचा, "येईल, येईल." एकदा मात्र तो म्हणाला होता, "मरायच्या आधी एक खायला मिळाला तर बरं." हसत म्हणाला होता. पण ते वाक्य धागाबाईच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच, आणि तेव्हापासून तिचं आंब्याशी वाकडं आलं.

कारण आंबा काही केल्या फळेना. अकरा वर्षं झाली. पहिली पाच वर्षं ती गप्प होती, लेकरू आहे म्हणून. सहाव्या वर्षापासून तिने त्यालाही पेरूचा धडा लावला. पाऊस उघडला की स्टूल घ्यायचं, कात्री घ्यायची आणि बाहेर डोकावणारा प्रत्येक शेंडा उडवायचा. झाड असं गोल, असं नीटनेटकं दिसायचं की येणारे-जाणारे थांबून बघायचे. ती खाली उतरून चारी बाजूंनी फिरायची आणि एखादी डहाळी चुकार निघालीच तर पुन्हा स्टुलावर चढायची.

मग थंडी पडायची. गल्लीतले बाकीचे आंबे मोहोराने भरून जायचे, आणि हिच्या आंब्याला काय यायचं, तर पानं. लालचुटूक, लुसलुशीत, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी पानं. पहिल्या वर्षी ती त्या पानांवर खूश झाली होती. दुसऱ्या वर्षी तिने शेणखत घातलं. तिसऱ्या वर्षी मासळीचं पाणी घातलं, त्याने झाडाला काही झालं नाही, पण शेजारी आठवडाभर खिडक्या लावून बसले. पाचव्या वर्षी ती झाडासमोर उभी राहून सरळ बोलायला लागली. "खातोस, पितोस, अंगाने वाढतोस. लाज कशी वाटत नाही?" फाटकाबाहेरून जाणाऱ्या पोस्टमनला वाटलं हे नवऱ्याला चाललंय, आणि तो पत्र खाली ठेवून हळूच निघून गेला.

सहावं वर्षही तसंच गेल्यावर गाडीचं प्रकरण निघालं. मुलाने गाडी घेतली होती. ती रस्त्यावर उभी राहायची आणि दोनदा तिला कुणीतरी घासून गेलं होतं. मुलगा स्वभावाने गरीब. तो जेवताना इतकंच म्हणाला, "आई, फाटकाजवळची जागा मोकळी असती तर गाडी आत आली असती."

त्याने झाडाचं नावही काढलं नव्हतं. पण धागाबाई त्या दिवशी आधीच पेटलेली होती, कारण सकाळीच दादाला त्या हंगामात सातव्यांदा नाही म्हणून झालं होतं. तिने हातातला डाव भांड्यात टाकला. "येत्या थंडीत मोहोर आला नाही, तर मी स्वतः माणूस बोलावून झाड पाडते. मीच. कुणी मला सांगायला नको."

"तसं नाही गं आई," मुलगा म्हणाला.

"तसंच. सगळ्यांनी ऐकलंत ना? अहो, ऐकलंत?"

"ऐकतो," नवरा म्हणाला.

रविवारी तिने दादालाही सांगितलं. दादाने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझं झाड, चिमे. तू म्हणशील तसं." आणि त्या दिवशी त्याने "येईल, येईल" म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर तिला आपल्याच जिभेचा राग आला. पण शब्द दिला म्हणजे दिला, आणि धागाबाई दिलेला शब्द मागे घेणाऱ्यातली नव्हती. हीच तर सगळी पंचाईत होती.

त्या वर्षी पाऊस उघडल्याबरोबर तिने पेरू आटपला, लिंबू आटपलं आणि डाळिंबाशी स्टूल सरकवलं. आंबा उद्यावर ठेवला होता, शेवटची संधी म्हणून चांगला मन लावून छाटायला. आणि स्टुलाचा एक पाय, जो नवरा दोन वर्षं ठोकतो म्हणत होता, निसटला. ती पडली ती उजव्या हातावर. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर घालताना ती कळवळली ती दुखण्याने कमी आणि आंब्याच्या काळजीने जास्त. घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला समोर बसवलं. "हे बघा. आंब्याचे शेंडे कापायचे आहेत. बाहेर आलेले सगळे. उद्याच्या उद्या."

"करतो," ते म्हणाले.

पुढचे सहा आठवडे त्या घरात काय झालं असेल ते ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना सांगायला नको. सोमवारी त्यांची पाठ दुखत होती. मंगळवारी कात्री बोथट होती. बुधवारी कात्रीला धार लावायला दिली, आणि ती आणायला जायचं आणखी बारा दिवस राहून गेलं. मग ऊन होतं. मग झाडावर मुंग्या होत्या. मग ते म्हणाले, स्टूल मोडकं आहे. हे ऐकून धागाबाई इतकी संतापली की तिला शब्दच सुचेनात, आणि असं त्यांच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच घडलं. तिने मुलालाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, "आई, मी कापलं तर तुला वाटेल मी गाडीसाठी कापलं."

झाड इकडे मोकाट सुटलं. शेंडे फाटकाबाहेर आले. एक डहाळी तर विजेच्या तारेकडे निघाली. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन धागाबाई खिडकीशी बसून ते बघायची. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडासारखं कडक झालं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने एक मऊ चेंडू दिला, दिवसातून तीनदा दाबायला, आणि बजावलं, महिनाभर काही उचलायचं नाही. तरीही एके सकाळी तिला राहवलं नाही. जुनी धाग्यांची कात्री डाव्या हातात घेऊन ती फाटकाशी गेली आणि खालच्या फांदीचे, जिथवर हात पोचला तिथवरचे, आठ-दहा शेंडे कुरतडल्यासारखे कापले. डाव्या हाताने कापलेलं ते. तिला स्वतःलाच बघवेना. एका कापाला साल सोलली गेली. ती आत आली आणि नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

थंडी आली, थंडी मुरली. एक दिवस सकाळी फाटक उघडताना तिला वरच्या शेंड्यांवर काहीतरी दिसलं. टोकं जाड झाली होती, सुजल्यासारखी. तिने तिथूनच हाक मारली. "अहो, इकडे या. कीड लागली. आता तरी या. तुम्ही कापलं नाहीत, आता भोगा."

ते आले. चष्मा पुसला. वर बघितलं. पुन्हा चष्मा पुसला. "कीड नाही," ते म्हणाले. "मोहोर आहे बहुतेक."

आठ दिवसांत शंका राहिली नाही. शेंड्याशेंड्यावर मोहोराचे तुरे. फाटकाबाहेर गेलेल्या, तारेकडे निघालेल्या, जिच्यावर ती दोन महिने दात खात होती त्या प्रत्येक चुकार डहाळीच्या टोकाला. सकाळी फाटकाशी माश्या घोंगावायच्या आणि सगळ्या पट्टीत तो तुरट-गोड वास भरून राहायचा. मुलगा बाहेरून आला, वर बघून म्हणाला, "आई, गाडी राहू दे रस्त्यावर," आणि आत गेला. नवरोबा खुर्ची घेऊन झाडाखाली बसले, जणू सगळं त्यांनीच केलं.

धागाबाई खुशीत यायला हवी होती. पहिल्या दिवशी आलीही. दुसऱ्या दिवशी तिची नजर खालच्या फांदीवर गेली.

तिथे मोहोर नव्हता. तिथे पानं होती. लालचुटूक, लुसलुशीत. डाव्या हाताने जिथे जिथे कापलं होतं तिथेच, आणि कापलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर, जिथे तिचा हात पोचला नव्हता, त्याच फांदीच्या टोकाला फुललेला तुरा. सोललेल्या सालीचा तो काप तिने ओळखला. ती दुसऱ्या कापाकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. एकतीस वर्षं शिवणी तपासलेली बाई ती. तिला एकदा दिसलं ते नाही दिसलं असं करता येईना. पेरू नव्या फुटव्यावर फुलतो. आंबा आधी फुटतो, मग ती फूट निबर करतो, महिनोन्‌महिने तशीच धरून ठेवतो आणि थंडीत तिच्या टोकाला मोहोर काढतो. आणि ती दर वर्षी, पाऊस उघडला की, बरोब्बर ती टोकंच उडवत होती. झाड बिचारं पुन्हा पानांपासून सुरुवात करायचं. तेवढ्यात थंडी जायची.

सहा वर्षं. झाडाने काही कसूर केली नव्हती. सहा वर्षं ती दादाला नाही सांगत होती आणि नाही म्हणायला कारण ती स्वतःच होती. तिला इतकं वाईट वाटलं की ती तिथेच पायरीवर बसली. त्या झाडाला काय काय बोलली होती ते सगळं तिला आठवलं. माणसाला बोललं तर निदान माफी तरी मागता येते.

मग तिच्या मनात एक विचार आला आणि तिला जरा धीर वाटला. ती नवऱ्याकडे वळली. "अहो, खरं सांगा. तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून मुद्दाम कापलं नाहीत ना?"

"काय ठाऊक होतं?"

"शेंडे कापले की मोहोर येत नाही ते."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "छे. कंटाळा आला होता."

सहा वर्षांच्या मेहनतीने जे अडवून धरलं होतं ते दोन महिन्यांच्या आळसाने करून दाखवलं होतं, आणि आता हा माणूस जन्मभर खुर्चीतून उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

रविवारी दादाचा फोन आला. तिने मोहोराचं सांगितलं. दादाने तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. मग तिने दुसरंही सांगून टाकलं, एका दमात.

"शेंडे कापत होतीस?" दादा म्हणाला. "अगं, बाबा पाऊस संपल्यावर त्या झाडाला कोयता दाखवू द्यायचे नाहीत कुणाला."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तू कापतेस हे कधी सांगितलंस? दर रविवारी 'नाही आला' एवढंच सांगायचीस." आणि तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. तिला त्या हसण्याचाही राग आला.

मोहोर बराचसा गळला. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या, त्यातल्या निम्म्या गळल्या. सुपारीएवढ्या झाल्या, वाऱ्याने आणखी पडल्या. धागाबाई रोज मोजायची आणि रोज आकडा कमी भरायचा. शेवटी चार राहिल्या. त्या चार कैऱ्यांना पाखरांपासून जपायला तिने जुन्या मलमलीच्या पिशव्या शिवून चढवल्या. एका पिशवीचा धागा लोंबत होता. तो तिने कापला नाही, कारण कात्री झाडाजवळ न्यायची नाही असं तिने ठरवलं होतं.

चार आंबे पिकले. दोन तिने जुन्या सुती कपड्यात गुंडाळून खोक्यात भरले आणि मुलगा गाडी घेऊन दादाकडे गेला. एक मुलासाठी बाजूला ठेवला. एक स्वतः कापला, अर्धा नवऱ्याला, अर्धा स्वतःला. इतक्या वर्षांनी पहिली फोड तोंडात घातली.

आंबट. चांगलाच आंबट, आणि दोरेच दोरे. माहेरच्या आंब्याशी काही घेणं-देणं नाही. नवऱ्याने खाल्लं आणि पाण्याचा तांब्या मागितला, हे तर जास्तच लागलं. तिने पटकन मुलाला फोन लावला, खोकं देऊ नकोस म्हणून. मुलगा म्हणाला, "आई, मामाने मी बसायच्या आधीच कापला."

त्या रविवारी फोन वाजला तर तिला उचलावासा वाटेना. उचलला आणि आधी तीच बोलली. "दादा, आंबट निघाला. कळलं मला. तो आपला नव्हेच. कोय बदलली असेल, माती बदलली असेल, काय मेलं झालं असेल कुणास ठाऊक. एवढं करून सगळं पाण्यात. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही त्या झाडाने."

"चिमे," दादा म्हणाला, "तू आपल्या झाडाचा पहिला आंबा कधी खाल्लास?"

"लहानपणापासून खाते."

"तू जन्मलीस तेव्हा ते झाड चांगलं मोठं झालं होतं. त्याचे पहिले आंबे मी खाल्लेत, आठ वर्षांचा होतो तेव्हा. पाच होते. इतके आंबट की आईने कालवणात घातले, आणि बाबा म्हणाले, झाड लहान आहे, शिकेल. मला वाटलं ती चव मी विसरलो. काल तोंडात घातला आणि आई चुलीपुढे बसलेली दिसली. सबंध घर दिसलं. तो गोड आंबा तुम्ही सगळ्यांनी खाल्ला गं. हा फक्त माझा होता."

धागाबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. दादा म्हणाला, "गोड व्हायला अजून सात-आठ वर्षं जातील. तोवर मी असेन-नसेन. पण पुढच्या वर्षी आंबटच पाठव. आणि कापू नकोस."

"नाही कापत," ती म्हणाली.

फोन ठेवून ती उठली. लांब दांड्यांची कात्री कोपऱ्यातच होती, धार लावून आणलेली, त्यानंतर कुणी हात न लावलेली. नवरोबा खुर्चीत होते.

"अहो, ही कात्री माळ्यावर टाका. अगदी मागे, माझा हात पोचणार नाही अशी."

"करतो," ते म्हणाले, आणि उठले.